पाककृतीचे साहित्य सांगणारे यंत्र आणि त्याची माहितीपत्रिका

आपल्या संस्थेच्या कुटुंबांतील पुष्कळ मुलेमुली आज संगणकाच्या व्यवसायात आहेत, आणि पाककृतींच्या वह्या जपणाऱ्या वडीलधाऱ्या स्त्रियाही घरोघर आहेत. या दोघांचा संबंध जेथे येतो, अशा एका विषयाची ओळख या स्मरणिकेत करून देण्याचे आम्ही योजिले आहे.

हल्ली कृत्रिम बुद्धिमत्तेच्या ‘एजंट’ला, म्हणजे माणसाच्या वतीने कामे करणाऱ्या सॉफ्टवेअरला, “पंचवीस माणसांच्या पुलावाचे सामान सांग” असे विचारता येते. त्याच्या हाताशी एखादे लहानसे साधन दिलेले असल्यास तो त्यास पाककृतीचे नाव कळवितो, साधन सामानाची यादी परत देते, आणि ती यादी एजंट आपणांस वाचून दाखवितो. कोणते साधन कशासाठी आहे हे त्यास कसे समजते? साधनासोबत लिहून ठेवलेल्या माहितीपत्रिकेवरून. अँथ्रॉपिक या कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ नावाची एक खुली पद्धत प्रसिद्ध केली. तीत प्रत्येक साधनाचे नाव, त्याचे वर्णन आणि त्यास कोणती माहिती पुरवावयाची याचा नमुना सांगण्याची सोय आहे. एजंट स्वयंपाकघर पाहू शकत नाही. त्याचा भरवसा या लेखी वर्णनावरच असतो.

यादी निघावयाची तर मूळ पाककृतीही यंत्रास वाचता येईल अशी लिहावी लागते. ‘कुकलँग’ या पद्धतीत कृती साध्या वाक्यांतच लिहितात. मात्र जिन्नसाच्या नावाआधी ई-मेलच्या पत्त्यात येते ते ‘अ‍ॅट’चे चिन्ह घालतात आणि पुढे महिरपी कंसात प्रमाण देतात. यंत्र ही चिन्हे वेचून यादी बनविते. म्हणून “वरून कोथिंबीर पेरावी” या वाक्यात चिन्ह राहून गेले, तर कोथिंबीर यादीत येणार नाही.

आता माहितीपत्रिकेत काय असावे ते पाहू. पहिली गोष्ट म्हणजे साधनास काय द्यावयाचे: पाककृतीचे नाव आणि माणसांची संख्या. दुसरी, ते काय परत देते: जिन्नस, प्रमाण व माप, ही तिन्ही वेगवेगळी. “मीठ चवीपुरते” असेल तेथे प्रमाण कोरे राहते, त्याचा अर्थ शून्य असा घेऊ नये, हेही स्पष्ट लिहावे. वाटीचे माप असल्यास ती वाटी किती मिलिलिटरची ते सांगावे. कारण वाटीभर गूळ आणि वाटीभर रवा यांचे वजन सारखे भरत नाही. चार माणसांचे प्रमाण शंभरांसाठी केवळ त्रैराशिकाने वाढविले असेल, तर तसे नमूद करावे. मीठ, तिखट आणि फोडणीचे तेल त्या हिशेबाने वाढवून चालत नाही, हे पंक्तीचा स्वयंपाक केलेल्या प्रत्येकास ठाऊक आहे. आणि पाककृती सापडली नाही, तर साधनाने तसे शब्दांत कळवावे. कोरी यादी परत दिल्यास ‘यास काहीच लागत नाही’ असा तिचा अर्थ होऊ शकतो.

या सर्वांहून अधिक महत्त्वाची गोष्ट म्हणजे साधनास काय ठाऊक नाही ते सांगणे. वरणाच्या कृतीत डाळ, हळद, मीठ, तूप व हिंग एवढीच नावे आहेत असे समजा. कोणी विचारले, “यात गहू आहे काय?” यादीत गहू नाही, म्हणून एजंट ‘नाही’ म्हणून मोकळा होईल. परंतु बाजारात मिळणाऱ्या डबीतील बांधणी हिंगात बहुधा गव्हाचे पीठ किंवा मैदा मिसळलेला असतो. सीलिअक नावाच्या विकारात गव्हातील ग्लुटेनमुळे लहान आतड्याच्या अस्तरास इजा होते, आणि ती थोड्या प्रमाणानेही होऊ शकते. भुईमुगाचे दाणे न सोसणाऱ्या मुलाच्या तर जिवावरही बेतू शकते. जेलीच्या पाकिटातील जिलेटिन प्राण्यांच्या हाडांपासून व कातडीपासून होते. तेव्हा शाकाहारी घरांत आणि आम्हां मुसलमानांच्या घरांतही त्याची चौकशी होते. कृतीत मात्र ‘जेली’ एवढाच शब्द असतो.

भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० सालच्या लेबलविषयक नियमांनुसार ग्लुटेनयुक्त धान्ये, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे, सोयाबीन आदींचा उल्लेख पाकिटावर करावा लागतो. म्हणजे खरे उत्तर पाकिटावर असते. यास्तव माहितीपत्रिकेत पुढील अर्थाची वाक्ये असावीत, असे आमचे मत आहे: ‘हे साधन पाककृतीत नोंदलेल्या जिनसांचीच नावे देते. हिंग, तयार मसाले, जेली इत्यादींच्या घटकांची माहिती यात नाही. अमुक पदार्थ यात नाही, असा निर्वाळा या यादीवरून देऊ नये. विचारणाऱ्यास पाकीट पाहण्यास सांगावे.’

एवढे लिहिल्याने एजंट कधीच चुकणार नाही असे नव्हे. परंतु ते मुळीच न लिहिल्यास योग्य उत्तर देण्यास त्यास आधारच उरत नाही. आमच्या तरुण सभासदांनी अशी साधने रचताना ही वाक्ये गाळू नयेत. आणि ज्या माताभगिनी आपली जुनी वही मुलांच्या हाती उतरवून घेण्यास देतील, त्यांनी हिंगापुढे ‘खडा’ की ‘डबीतील’, एवढा एक शब्द अवश्य लिहावा.