भरपाईला कायदा आहे, सोबतीला अनुदान नाही

वडोदरा शहराच्या दक्षिण टोकाचे मकरपुरा मराठी वाचकाला गायकवाडांच्या राजवाड्यामुळे ठाऊक असते. तो राजवाडा आज हवाई दलाच्या ताब्यात आहे आणि मकरपुऱ्याची ओळख उरली आहे ती तेथील जुन्या औद्योगिक वसाहतीची. शहराच्या या भागात मजुरीसाठी छोटा उदेपूर, दाहोद अशा आदिवासी पट्ट्यांतून कुटुंबे येतात. अशा कुटुंबातील एखाद्या स्त्रीवर मकरपुऱ्यात अत्याचार झाला, तर गुन्हा तेथेच नोंदला जाईल आणि खटला वडोदऱ्यात चालेल. ती मात्र तोवर गावी परतलेली असण्याचीच शक्यता अधिक. छोटा उदेपूर २०१३ मध्ये वडोदऱ्यापासून वेगळा झाला, म्हणजे आता तिचा जिल्हाही निराळा. सुमारे शंभर किलोमीटरच्या या अंतरात तिचा हक्क टिकतो की विरून जातो, हे पीडितांसाठीचा सरकारी पैसा कोणत्या वाटेने येतो यावर अवलंबून असते.

कायद्याची वाट स्पष्ट आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेत ३५७-अ हे कलम घातले गेले आणि पीडिताला भरपाई देणे ही राज्याची जबाबदारी ठरली. ती आरोपीच्या ऐपतीवर अवलंबून राहिली नाही. १ जुलै २०२४ पासून हीच तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९६ मध्ये आहे. आरोपी सापडलाच नाही, खटला उभाच राहिला नाही, तरीही पीडित व्यक्ती जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करू शकते, आणि प्राधिकरणाने दोन महिन्यांत चौकशी पूर्ण करायची असते. राज्यांच्या योजनांना हातभार म्हणून केंद्राने २०१५ मध्ये निर्भया निधीतून २०० कोटी रुपयांचा केंद्रीय पीडित भरपाई निधी उभारला. स्त्रियांसाठी राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची योजना २०१८ मध्ये आली. तिच्यानुसार बलात्कारासाठी चार ते सात लाख, तर मृत्यू किंवा सामूहिक बलात्कारासाठी पाच ते दहा लाख रुपये मिळू शकतात. प्रौढ स्त्रीला मंजूर रकमेपैकी एक चतुर्थांश भाग लगेचच्या खर्चासाठी मिळतो. उरलेला किमान तीन वर्षांसाठी मुदत ठेवीत जातो. अर्जाची मुदतही तीन वर्षांची आहे. पोलिसांनी अशा गुन्ह्यांच्या प्राथमिक माहिती अहवालाची प्रत स्वतःहून प्राधिकरणाकडे पाठवावी, असेही ही योजना सांगते.

कागदावर यात फारसे उणे नाही. पण या साऱ्या रकमा घटनेच्या मोबदल्याच्या आहेत. पोलीस ठाण्यात शेजारी बसणारी, तालुक्याच्या गावी बसने सोबत येणारी, बँकेचे खाते उघडून देणारी आणि तारखेची आठवण करणारी व्यक्ती या पैशातून उभी राहत नाही. तिच्यासाठी वेगळे अनुदान लागते, आणि अनुदानाला मुदत असते.

याचा धडा वडोदरा जिल्ह्यानेच घालून दिला आहे. महिला समाख्या हा कार्यक्रम १९८० च्या दशकाच्या अखेरीस गुजरात, कर्नाटक आणि उत्तर प्रदेशात सुरू झाला तो डच सरकारच्या साहाय्याने. वडोदरा हा त्याच्या पहिल्या जिल्ह्यांपैकी एक. गावोगावच्या महिला संघांतून १९९५ मध्ये येथे नारी अदालत आकाराला आली. ठरलेल्या दिवशी स्त्रिया सरकारी कचेऱ्यांच्या आसपास, उघड्यावर बसत. मारहाण, पोटगी, घरातून हाकलणे अशी प्रकरणे ऐकत आणि गरज पडली तर पोलिसांकडे जात. या पंच स्त्रियांपैकी अनेकींना लिहिता-वाचता येत नव्हते. कायदा त्या प्रशिक्षणातून आणि अनुभवातून शिकल्या. बसण्याची जागा कचेरीजवळ निवडण्यात मोठे शहाणपण होते. प्रतिपक्षाला तो सरकारी दरारा वाटे आणि अधिकाऱ्यांना या स्त्रियांकडे काणाडोळा करता येत नसे.

डच मदत संपल्यावर काही वर्षे ब्रिटनचा विकास निधी आला, तोही थांबला. २०१६ च्या सुमारास केंद्राने महिला समाख्येचे स्वतंत्र अनुदान बंद करून तिची सांगड ग्रामीण उपजीविका अभियानाशी घातली. गुजरातमध्ये राज्य महिला आयोगाने नारी अदालती पुढे चालवल्या, हे खरे. पण बचत गटाचे काम आणि रात्री-अपरात्री पोलीस ठाण्यात जाण्याचे काम एकाच पारड्यात बसत नाही. गंमत अशी की, केंद्राच्या ‘मिशन शक्ती’मध्ये २०२२ नंतर नारी अदालत हा नवा घटक म्हणून पुन्हा अवतरला, आणि त्याचे प्रयोग आसाम व जम्मू-काश्मीरमध्ये सुरू झाले.

नारी अदालतीची मर्यादाही सांगितली पाहिजे. तिच्या निर्णयाला न्यायालयीन बळ नाही, आणि बलात्कार किंवा खुनी हल्ला यांत समेट घडवणे हे तिचे काम असूच शकत नाही. तिचा खरा उपयोग पुढच्या दारापर्यंत पोहोचवण्याचा आहे. ते काम आज सखी केंद्रांकडे, म्हणजे २०१५ पासून निर्भया निधीतून चाललेल्या एक थांबा केंद्रांकडे सोपवले आहे. तेथे वैद्यकीय मदत, समुपदेशन आणि तात्पुरता निवारा मिळतो. मात्र ही केंद्रे मुख्यत्वे जिल्ह्याच्या ठिकाणी आहेत. डोंगरपाड्यातल्या स्त्रीला तेथवर आणायचे कोणी, हा प्रश्न पुन्हा अनुदानापाशीच येऊन थांबतो. विधी सेवा प्राधिकरणांचे विधी स्वयंसेवक हे काम करू शकतात, पण त्यांना मिळते ते केवळ दिवसाचे मानधन.

गोव्याला हे चित्र परके वाटू नये. वेर्णा आणि कुंडईच्या औद्योगिक वसाहतींतही परराज्यांतून आलेले मजूर राबतात. येथे नोंदलेल्या गुन्ह्याची पीडित व्यक्ती खटल्याच्या वेळी कर्नाटकात किंवा झारखंडात असू शकते. सत्तरी किंवा काणकोणच्या गावातून न्यायालय गाठणे तुलनेने सोपे असले, तरी मजुरी बुडतेच. गोव्याची स्वतःची पीडित भरपाई योजना २०१२ पासून आहे. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करता येतो. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना वकील मोफत मिळतो. विधी साहाय्यासाठी १५१०० आणि स्त्रियांसाठी १८१ हे दूरध्वनी क्रमांक आहेत.