घराण्यात कुणाला होतं?

केसपेपरवर डॉक्टर विचारतात, "घरात कुणाला शुगर, बीपी?" आणि आपण वडील, आत्या, थोरले मामा अशी नावं भराभर सांगतो. नैराश्याबद्दल तोच प्रश्न आला की उत्तर ठरलेलं असतं: "छे, आमच्याकडे कुणालाच नाही."

चेन्नईत या आजाराची एक मोठी पाहणी झाली, ती मधुमेहाचा माग काढणाऱ्या डॉक्टरांकडूनच. मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशननं शहरातल्या १५५ प्रभागांपैकी ४६ प्रभाग निवडले आणि विशीपुढच्या पंचवीस हजारांहून अधिक लोकांना मन उदास राहतं का, थकवा येतो का, असे बारा प्रश्न विचारले. २००९ साली निष्कर्ष आले. १५.१ टक्के लोकांत नैराश्याची लक्षणं होती, बायकांत १६.३, पुरुषांत १३.९ टक्के. प्रश्नावली म्हणजे निदान नव्हे, पण हे आकडे विचार करायला लावतात. जगभर बायकांमधलं प्रमाण पुरुषांच्या जवळजवळ दुप्पट मानतात, इथे फरक त्याहून पुष्कळ कमी. खरी दरी पैशाची निघाली: कमी उत्पन्नाच्या गटात १९.३ टक्के, वरच्या गटात ५.९. घटस्फोटितांत तर २६.५ टक्के. बाईचा स्वभावच हळवा, हे स्पष्टीकरण मला म्हणूनच पटत नाही.

आनुवंशिकता आहेच. आईवडील किंवा सख्ख्या भावंडांपैकी कुणाला तीव्र नैराश्य असेल, तर आपला धोका दोन ते तीन पटींनी वाढतो. २००६ साली स्वीडनमधल्या जुळ्यांच्या मोठ्या अभ्यासात आनुवंशिकतेचा वाटा स्त्रियांत सुमारे ४२ टक्के, पुरुषांत २९ टक्के दिसला. म्हणजे आईला असलं की लेकीला होणारच, असं मुळीच नाही. उरलेला मोठा भाग आयुष्यात काय वाट्याला येतं त्याचा. गोव्यात विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी बाळंतिणींचा अभ्यास केला (२००२), त्यात गरिबी, नवऱ्याची मारहाण आणि मुलगा हवा असताना मुलगी होणं ही कारणं ठळकपणे पुढे आली.

मग घराण्याच्या आठवणीतून हा आजार पुसला कसा जातो? तो एकटा येत नाही म्हणून. बायकांत त्याच्या जोडीला बहुधा चिंताविकार असतो, अंगदुखी असते, झोप उडालेली असते. पुरुषांत बऱ्याचदा दारू. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दारूशी निगडित विकार पुरुषांत ९ टक्के, तर स्त्रियांत अर्धा टक्का आढळले. घरात एवढंच उरतं की काका पिऊन गेला आणि आत्या कायम आजारी असायची. प्रत्येक पिणारा नैराश्यग्रस्त नसतो, हे खरं. पण त्या दोघांच्या दुखण्याचं मूळ एकच असेल, ही शंका कुणाला येतच नाही.

ही माहिती डॉक्टरांच्या फार उपयोगाची असते. घरात कुणाला बायपोलर विकार असेल, म्हणजे कधी खोल उदासी तर कधी बेभान उत्साह, तर रुग्णाला नुसती नैराश्याची गोळी देताना ते जपून राहतात; कारण अशा रुग्णाला त्या गोळीनं उन्मादाचा झटका येऊ शकतो. तेव्हा दिवाळीला सगळे जमलेच आहेत, तर थोरल्या काकूंना शांतपणे विचारून घ्या: बाळंतपणानंतर महिनोन्महिने कोण अबोल झालं होतं? कामधंदा सोडून कोण बसून राहिलं? कुणी जीव दिला होता का? कळेल ते केसपेपरवर जाऊ द्या. आणि आज स्वतःलाच सोसवत नसेल, तर सरकारच्या टेली मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास सुरू असतो.