उपचारांच्या दोन फेऱ्यांमधील घर : बालकर्करोग आणि संग्रामपूर तालुक्यातील कुटुंबजीवन

प्रास्ताविक

बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर टोकास, सातपुड्याच्या पायथ्याशी संग्रामपूर तालुका वसलेला आहे. कापूस, सोयाबीन व तूर ही येथील प्रमुख पिके होत. येथील एखाद्या बालकास कर्करोगाचे निदान झाल्यास उपचारासाठी कुटुंबाला बहुधा नागपूर वा मुंबई गाठावी लागते. शेगाव हे जवळचे रेल्वेस्थानक. तेथून मुंबई लोहमार्गाने सुमारे ५५० किलोमीटर आहे. परळ येथील १९४१ मध्ये सुरू झालेले टाटा स्मारक रुग्णालय, दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि कर्करुग्ण बालकांच्या कुटुंबांना २००६ पासून विनामूल्य निवारा देणारी सेंट ज्यूड संस्था यांचा परिचय अशा कुटुंबांना लवकरच होतो. तथापि, दीर्घ उपचारातील बरेचसे दिवस गावातील घरीच जातात. हा काळ विश्रांतीचा नसून उपचाराचाच एक भाग आहे, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

उपचाराचे स्वरूप

बालकांमध्ये रक्ताचा कर्करोग सर्वाधिक आढळतो आणि त्यात तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया हा प्रकार प्रमुख आहे. १९४८ मध्ये बोस्टन येथील डॉ. सिडनी फार्बर यांनी औषधांमुळे हा आजार काही काळ माघार घेतो, असे दाखवून दिले. आज प्रगत देशांत या प्रकारातील बहुसंख्य मुले पूर्ण बरी होतात. मात्र त्यासाठी दोन ते तीन वर्षे उपचार घ्यावे लागतात. सुमारे एका महिन्याच्या पहिल्या टप्प्यानंतर बहुतेक मुलांच्या तपासणीत कर्कपेशी दिसेनाशा होतात. परंतु सूक्ष्मदर्शकालाही न दिसणाऱ्या पेशी शरीरात शिल्लक असतात. पुढील सर्व टप्पे त्यांच्यासाठी असतात.

शेवटचा व सर्वांत दीर्घ टप्पा मुख्यतः घरी घ्यावयाच्या गोळ्यांचा असतो. मर्कॅप्टोप्युरिनची गोळी दररोज, तर मेथोट्रेक्सेटची आठवड्यातून एकदाच द्यावयाची असते. हा फरक विसरून दुसरे औषध रोज दिल्यास जिवावर बेतू शकते. अमेरिकेतील अभ्यासांत, मर्कॅप्टोप्युरिनच्या ९५ टक्क्यांहून कमी मात्रा घेतलेल्या मुलांत आजार उलटण्याचा धोका दुपटीहून अधिक आढळला. महिन्याच्या ३० गोळ्यांपैकी दोन चुकल्या तरी हे प्रमाण ९५ टक्क्यांखाली येते. भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर गोळी दिल्याची खूण करणारी आई अशा प्रकारे परिचारिकेचे काम करीत असते.

ताप, पाणी आणि अन्न

रसायनोपचारानंतर साधारणतः ७ ते १४ दिवसांत रक्तातील पांढऱ्या पेशी सर्वांत कमी होतात. नेमक्या याच दिवसांत मूल अनेकदा घरी असते. या काळात १००.४ अंश फॅरनहाइट वा त्याहून अधिक ताप ही आणीबाणी मानली जाते. प्रतिजैविकाची शिरेतून द्यावयाची पहिली मात्रा शक्यतो तासाभरात मिळावी, असा वैद्यकीय संकेत आहे. त्यामुळे तापमापक हे घरातील सर्वांत महत्त्वाचे उपकरण ठरते. डॉक्टरांना न विचारता पॅरासिटामॉल दिल्यास ताप उतरलेला दिसतो, संसर्ग मात्र आत वाढत राहतो. ताप रात्री आला, तर वाहन कोणाचे, जवळ कोणते रुग्णालय आणि उपचाराची फाईल कोठे, हे आधीच ठरलेले असावे लागते.

तालुक्याचा बराच भाग पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात मोडतो. विहिरी व कूपनलिकांचे पाणी खारट असल्याने पिण्याचे पाणी साठवून ठेवण्याची सवय घरोघरी आहे. उकळल्याने पाण्यातील जंतू मरतात, क्षार मात्र जात नाहीत. म्हणून या मुलासाठी कमी क्षारांचे पाणी मिळवणे आणि ते उकळून झाकून ठेवणे, अशी दोन्ही कामे करावी लागतात. ताजे शिजवलेले गरम अन्न, साल काढून खाता येणारी फळे आणि हात धुण्याची शिस्त हे पथ्य साधे आहे. पण ते सर्व घरालाच पाळावे लागते.

कांजिण्या व गोवर यांचा विशेष विचार आवश्यक आहे. ‘देवी आल्या’ म्हणून अनेक घरांत जो आजार श्रद्धेने सोसला जातो, तोच या मुलासाठी प्राणघातक ठरू शकतो. शेजारी किंवा शाळेत कांजिण्यांचा रुग्ण आढळल्यास, स्वतःच्या मुलास पुरळ येण्याची वाट न पाहता लगेच उपचार करणाऱ्या डॉक्टरांना कळवावे लागते.

कुटुंबाची फेरजुळणी

उपचाराच्या तारखा पेरणी वा वेचणी पाहून येत नाहीत. आई मुलासोबत गेली की तिची मजुरी बुडते. वडील गेले की सोयाबीनची सोंगणी खोळंबते. घरातील मोठी बहीण स्वयंपाक हाती घेते, आजी धाकट्यांना सांभाळते. भावंडांच्या मनात दुहेरी भावना असते : आजारी भावाची काळजी आणि त्याला मिळणाऱ्या लाडाचा हेवा. स्टेरॉइडच्या दिवसांत मूल चिडचिड करते, मध्यरात्री भाकर मागते; हा हट्ट नसून औषधाचा परिणाम आहे, हे घरच्यांना समजावून सांगावे लागते. कर्करोग स्पर्शाने पसरत नाही, हेही शेजाऱ्यांना पुनःपुन्हा सांगावे लागते.

उपचार सुटण्याचा धोका

स्टेरॉइडमुळे चेहरा गुबगुबीत होतो, केस पुन्हा येऊ लागतात आणि मूल अंगणात खेळू लागते. ‘पोरगा बरा झाला, आता कशाला मुंबई?’ हा प्रश्न याच वेळी विचारला जातो. त्यामागे अज्ञानाइतकाच खर्चाचा ताण असतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून उपचारखर्च मिळू शकतो. उपचारासाठीच्या रेल्वेप्रवासात कर्करुग्णास शयनयान वर्गात पूर्ण, तर सोबतच्या एका व्यक्तीस ७५ टक्के सवलत आहे. तरीही बुडालेल्या मजुरीची भरपाई कोणतीही योजना करीत नाही. टाटा रुग्णालयातील बालकर्करोग विभागाने निवास, आहार, समुपदेशन आणि न आलेल्या कुटुंबांचा पाठपुरावा यांची जोड दिल्यावर उपचार सोडण्याचे प्रमाण लक्षणीयरीत्या घटले. यावरून उपचार सुटणे हा केवळ पालकांचा दोष नसून आधाराच्या अभावाचा परिणाम आहे, असे दिसते.

समारोप

जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये बालकर्करोगाविषयी उपक्रम सुरू करून २०३० पर्यंत किमान ६० टक्के मुले वाचावीत, असे उद्दिष्ट ठेवले. ते केवळ मोठ्या रुग्णालयांत साध्य होणार नाही. ताप मोजणाऱ्या आणि गोळ्या मोजणाऱ्या घरांतही ते साध्य व्हावे लागेल. महाविद्यालयीन अध्यापकांचा या घराशी संबंध येतो तो बहुधा हजेरीपटावर. महिनोन्महिने गैरहजर राहणारी विद्यार्थिनी ही कदाचित त्या घराची चूल सांभाळणारी मोठी बहीण असेल. तिची विचारपूस करणे, परीक्षेचा अर्ज चुकू न देणे, राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकांकडून रक्तदात्यांची यादी व योजनेच्या कागदपत्रांसाठी मदत मिळवून देणे, ही कामे महाविद्यालयाच्या आवाक्यातील आहेत. ती झाल्यास एका मुलाच्या उपचारासाठी दुसऱ्या मुलीचे शिक्षण खर्ची पडणार नाही.