आतला कमरपट्टा

पोलीस भरतीची चाहूल लागली की तिसगाव, करंजी, पाथर्डी या पट्ट्यातली मुले-मुली पहाटेच रस्त्याला लागतात. मैदानी चाचणी ५० गुणांची. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय दोघांनाही १०० मीटर आणि गोळाफेक. मुलांचा गोळा ७.२६० किलोचा, मुलींचा ४ किलोचा. एकेका गुणाने नाव यादीत वर-खाली होते, म्हणून तयारी जीव तोडून केली जाते. पण ती जवळपास सगळी पायांची असते. सोळाशेच्या शेवटच्या फेरीत पाय संपण्याआधीच कित्येकांचे धड ढासळलेले असते. खांदे पुढे येतात, कंबर खचते, पाऊल आपटू लागते आणि छाती आवळल्यामुळे श्वास पुरत नाही.

या ढासळणाऱ्या धडासाठी आपल्या मुलांनी पिलाटेज शिकावे, असे मला मनापासून वाटते. मुंबई-पुण्याचे महागडे स्टुडिओ आणि सिनेतारकांचे फोटो पाहून हा व्यायाम आपला नव्हेच, असा समज गावाकडे झाला आहे. मूळ हकिकत वेगळी आहे. जोसेफ पिलाटेज १८८३ साली जर्मनीत जन्मला. लहानपणी दमा आणि मुडदूस यांनी पिडलेला हा मुलगा व्यायामाने सावरला, पुढे जिम्नॅस्टिक्स आणि बॉक्सिंगमध्ये रमला. पहिल्या महायुद्धात तो इंग्लंडमध्ये होता. जर्मन म्हणून त्याला नजरकैदेच्या छावणीत टाकले गेले, तिथे तो सोबतच्या कैद्यांकडून व्यायाम करून घेई. हाताशी होती ती जमीन आणि स्वतःचे शरीर. १९२६ च्या सुमारास तो न्यूयॉर्कला गेला. तिथे त्याच्याकडे वळले ते नर्तक. दुखावलेली कंबर, गुडघे घेऊन ते यायचे आणि पुन्हा रंगमंचावर उभे राहायचे. म्हणजे दुसऱ्या कुठल्या तरी कामगिरीसाठी शरीर घडवणे हे या पद्धतीचे जुनेच काम आहे.

ते घडते कसे? पोटाच्या वरवर दिसणाऱ्या स्नायूंच्या खाली एक आडवा स्नायू आहे. तो बरगड्यांपासून ओटीपोटापर्यंत आतल्या कमरपट्ट्यासारखा वेढा घालतो. पाठीच्या मणक्यांना लगटून बारीक स्नायू आहेत, वर श्वासपटल आणि खाली कटिरतळाचे स्नायू. १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियातील पॉल हॉजेस आणि कॅरोलिन रिचर्डसन यांनी दाखवले की निरोगी माणसाने हात उचलण्याच्या किंचित आधीच हा आडवा स्नायू आवळला जातो. कंबरदुखी असलेल्यांमध्ये त्याला उशीर होतो. गोळा फेकताना जोर टाचेतून उठून कंबरेमार्गे खांद्यात जातो. मध्ये कंबर सैल पडली तर तो जोर वाटेतच जिरतो, आणि मग सगळा भार एकट्या खांद्यावर येतो.

कंबरेचे हे महत्त्व कुस्ती जपणाऱ्या मुलखाला नव्याने पटवायला नको. २०२५ ची महाराष्ट्र केसरी आपल्याच अहिल्यानगरात झाली. हगाम्याला पोराला खांद्यावर बसवून नेणारे बाप आपल्याकडे आजही आहेत. एका खेळासाठी दुसरा व्यायाम ही कल्पनाही आपल्या मातीतली. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला नवे रूप दिले ते मल्ल तयार व्हावेत म्हणून. मल्लखांबावर अढी बांधताना, तेढी मारताना पोट, मांड्या, पकड आणि श्वास एकाच वेळी कामाला लागतात.

मग जोर-बैठका पुरेत की, असे कोणी वस्ताद विचारतील. जोर-बैठकांनी ताकद आणि दम येतो, त्यात वाद नाही. पण तालमीत अभिमान आकड्याचा असतो, पाचशे, हजार. पिलाटेजमध्ये बहुतेक प्रकार पाच ते दहा वेळाच करायचे असतात, सावकाश, आणि एक वेळ जरी वेडीवाकडी झाली तरी थांबून नीट करायची. दुसरा फरक मला जास्त मोलाचा वाटतो. बैठकीत दोन्ही पाय एकदम काम करतात. धावताना मात्र माणूस प्रत्येक क्षणी एका पायावर असतो, नाही तर हवेत. त्या एका पायावर कटी आडवी झुकू न देणारा नितंबाच्या बाजूचा स्नायू बैठकांत फारसा जागा होत नाही. कुशीवर झोपून, धड न हलवता वरचा पाय उचलण्याच्या साध्या प्रकाराने तो जागा होतो. पाथर्डी तालुक्यातली कितीतरी कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. मोळ्या वाहिलेल्या या घरांतल्या मुलांना ताकदीची कमतरता नाही. त्यांना उणीव आहे ती दोन्ही बाजूंच्या समतोलाची आणि ताठ राहू शकणाऱ्या पाठीची.

पिलाटेजला एक सतरंजी पुरते. उताणे झोपून, गुडघे दुमडून कंबर हळूहळू मणक्यामागून मणका उचलायची, तशीच उतरवायची. पालथे होऊन उलटसुलट हात-पाय उचलायचे. उताणे पडून पाय उचलून धरायचे आणि हात खालीवर करत पाच मोजेपर्यंत श्वास आत, पाच मोजेपर्यंत बाहेर, असे शंभर मोजायचे. नवख्याने पाय दुमडून, कमी आकड्याने सुरुवात करावी. श्वास पोट फुगवून नव्हे, बरगड्या बाजूला रुंदावत घ्यायचा आणि जोर लावताना सोडायचा. आठवड्यातून दोन-तीनदा वीस मिनिटे दिली तरी चालते.

याचा अर्थ धावणे कमी करा असा नव्हे. सोळाशेची वेळ धावूनच कमी होते. कंबरदुखीवरच्या अभ्यासांचा २०१५ चा कॉक्रेन आढावाही सांगतो की काहीच न करण्यापेक्षा पिलाटेज बरे, पण इतर व्यायामांपेक्षा ते सरस असल्याचा पक्का पुरावा नाही. ज्याच्या पायात कळ उतरते, मुंग्या येतात, त्याने पुढे वाकण्याचे प्रकार टाळून आधी डॉक्टरांकडे जावे.

भरतीची तयारी करून घेणाऱ्या मास्तरांना आणि शाळांच्या क्रीडाशिक्षकांना माझी एक विनंती आहे. सुरुवात मुलींपासून करा. मुलांपैकी काहींनी निदान तालमीची पायरी चढलेली असते. बहुतेक मुलींच्या पाठीपोटाला ८०० मीटर आणि ४ किलोच्या गोळ्याआधी कुणी कसला व्यायाम दिलेलाच नसतो.