खो-खोआधी दहा मिनिटे : वॉर्म-अप आणि मुलांचे गुडघे



खेळाचा तास लागला की मुलं वर्गातून थेट मैदानावर पळतात. तास छोटा, मग वॉर्म-अपला वेळ कुठे, असं मीही म्हणायचे. पण गेल्या वर्षी खो-खोत बसलेली चौथीतली एक मुलगी 'खो' मिळताच उठली आणि गुडघा धरून खालीच बसली. पंधरा दिवस तिचा खेळ बंद झाला. तेव्हापासून मी पहिली दहा मिनिटे सोडत नाही.

गुडघ्यात नेमकं काय होतं?

मांडीचं हाड आणि नडगीचं हाड जिथे भेटतात, तिथे हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चा असते. सांध्यात वंगणासारखा एक द्रव असतो. आपण बराच वेळ बसून राहिलो की हा द्रव घट्टसर राहतो. हालचाल सुरू झाली की तो पातळ होऊन कूर्चेवर नीट पसरतो. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. ती स्पंजासारखी दाबली-सुटली की या द्रवातूनच तिला पोषण मिळतं. शिवाय मांडीचे स्नायू गरम होऊन पटकन आकुंचन पावतात आणि गुडघ्याला सावरतात.

खो-खोत बसलेल्या खेळाडूचे गुडघे पूर्ण दुमडलेले असतात आणि क्षणात त्याला धावायचं असतं. म्हणून तयारी हवीच.

मैदानावर असं करा :

१. दोन-तीन मिनिटे चालणं, मग हळू धावणं.
२. गुडघे उचलत चालणं, टाचा मागे नेत धावणं.
३. आठ-दहा अर्ध्या बैठका. गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेतच राहू द्या, आत वळू देऊ नका.
४. छोट्या उड्या. आवाज न करता, गुडघे किंचित वाकवून उतरायला सांगा.
५. शेवटी खो-खोसारखं बसून उठणं. आधी सावकाश, मग वेगात.

गुडघ्यांवर हात ठेवून ते गोल फिरवायची आपली जुनी सवय आहे. पण गुडघा मुख्यतः बिजागरीसारखा पुढे-मागे चालतो. त्याला तीच हालचाल द्या. एका जागी थांबून जास्त वेळ ताण देणारे प्रकार खेळानंतर घ्या.

पालकांनो, एक लक्षात ठेवा. वॉर्म-अपने दुखापतीचा धोका कमी होतो, पण तो औषध नाही. वाढत्या वयात वाटीच्या खाली दुखत असेल, सूज असेल किंवा मूल लंगडत असेल, तर "चोळून लाव, जाईल" म्हणू नका. खेळ थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा.

उद्याच्या तासाला करून बघा. मुलांना पाचही पायऱ्या आठवड्याभरात पाठ होतात, मग तीच आपल्याला आठवण करून देतात!