काटा विसरला, गाणं नाही

घराची किल्ली हातात आहे, पण ती कशासाठी असते तेच सुचत नाही. ताटाशेजारचा काटा उचलला, आता याचं करायचं काय? न्यूयॉर्कचे गायक टोनी बेनेट यांचं असं होऊ लागलं होतं. २०१६ मध्ये अल्झायमरचं निदान झालेलं. आणि हेच गृहस्थ ३ ऑगस्ट २०२१ ला, पंचाण्णवाव्या वाढदिवशी, रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये उभे राहून एकामागून एक गाणी गायले. हातात कागदसुद्धा नाही!

हे झालं कसं?

मेंदूत समुद्रघोड्याच्या आकाराचा एक भाग आहे, हिप्पोकॅम्पस. सकाळी काय खाल्लं, दारात कोण येऊन गेलं, याची नोंद ठेवणारा कारकून म्हणा ना. अल्झायमर फार लवकर गाठतो तो यालाच. पण सत्तर वर्षं घोटलेलं गाणं एकट्या या कारकुनाच्या वहीत नसतं. तुम्हीच करून बघा : आरतीच्या दुसऱ्या कडव्यातला पाचवा शब्द कोणता? अडलात ना? आता पहिल्यापासून म्हणा. जीभ आपसूक तिथं पोचते.

२०१५ साली लाइपझिगच्या संशोधकांनी जुनं, ओळखीचं गाणं ऐकताना मेंदूचा कुठला भाग जागा होतो ते शोधलं. मग तोच भाग अल्झायमरच्या रुग्णांत तपासला. आजाराचं चिकट प्रथिन तिथंही साचलेलं होतं, पण झीज मात्र बाकीच्या मेंदूपेक्षा कितीतरी कमी! पुरात गाव बुडावं आणि देवळाचा चौथरा तेवढा कोरडा राहावा, तसं.

बेनेट यांच्या डॉक्टर गायत्री देवी (हो, नाव अगदी आपल्याकडचं) यांनी त्यांना गात राहायला सांगितलं होतं. त्यामुळे साथीला पियानोवादक घेऊन घरी नेमानं रियाज चाले. आजार त्यानं हटला नाही. तो आपल्या चालीनं पुढे सरकतच होता. सोबत गाणाऱ्या लेडी गागाचं नावही बरेच दिवस त्यांच्या तोंडी आलं नव्हतं. रेडिओ सिटीच्या मैफलीत ती रंगमंचावर आली आणि बेनेट यांनी तिला चक्क नावानं हाक मारली. ती गहिवरली.

२१ जुलै २०२३ ला बेनेट गेले. थोडेच दिवस आधी ते घरच्या पियानोपाशी गात होते. शेवटचं गाणं होतं ‘बिकॉज ऑफ यू’, १९५१ साली पहिल्यांदा त्यांना पहिल्या क्रमांकावर नेणारं.