वाडा कुणाचा, बिऱ्हाड कुणाचं

बडोद्यातल्या मराठी घरांत एक वाक्य हमखास ऐकू येतं: "दांडिया बाजारात आमचा वाडा होता." कुणाचा रावपुऱ्यात, कुणाचा खारीवाव रोडला. एवढ्या सगळ्यांचे वाडे असते, तर गायकवाड सरकारचे कारकून, मास्तर आणि शिरस्तेदार राहत होते कुठे? नोकरीसाठी देशावरून नि कोकणातून इकडे आलेली कितीतरी घरं कुणाच्या तरी वाड्यात बिऱ्हाड करून राहिली. दोन खोल्या, एक मोरी, सामायिक विहीर आणि संध्याकाळी बसायला ओटला. 'आमचा वाडा' म्हणजे 'आम्ही राहायचो तो वाडा'. यात कुणी खोटं बोलत नाही, पण पूर्वजांचं घर शोधायला निघालेल्या नातवंडांची गाडी नेमकी इथे अडते.

आमच्याकडेही तसंच झालं. पणजोबा सरकारी खात्यात कारकून. ज्या वाड्यात ते राहिले असं घरात सांगतात, तो वाडा पाडून तिथे फ्लॅट होणार अशी बातमी चुलतभावाने आणली, आणि आम्ही दोघं कामाला लागलो. पहिली पायरी सोपी असते. बडोद्याच्या जुन्या शहरातल्या प्रत्येक मिळकतीला विभाग, टिका नंबर आणि सिटी सर्व्हे नंबर असतो. शेजाऱ्याकडून किंवा सध्याच्या मालकाकडून तो मिळाला, की सिटी सर्व्हे ऑफिसात प्रॉपर्टी कार्डाची नक्कल मागता येते. कार्डावर मालकी कशी बदलत गेली याच्या नोंदी असतात: वारसा, विक्री, गहाण. विक्री झाली असेल तर सबरजिस्ट्रारकडचा इंडेक्स-२ काढावा. सगळं गुजरातीत असतं, ते आपल्याला नवं नाही.

कार्ड मिळालं. आधी एका सरदार घराण्याचं नाव, मग त्यांच्या वारसांची, मग एका व्यापारी कुटुंबाचं. पणजोबांचा पत्ताच नाही. चुलतभाऊ म्हणाला, "म्हणजे आपण तिथे राहिलोच नाही की काय?"

मिळकतीचा कागद मालकाबद्दल बोलतो, तिथे राहणाऱ्याबद्दल नाही. याचं बडोद्यातलंच ठळक उदाहरण म्हणजे दांडिया बाजारातली ती लाल वास्तू, जिला आज सगळे अरविंद निवास म्हणतात. घर होतं बडोदे राज्याचे अधिकारी खासेराव जाधव यांचं. श्री अरविंद १८९३ ते १९०६ बडोद्यात नोकरीला होते आणि त्यातला बराच काळ या घरी राहिले. मालकाचं नाव मागे पडलं, पाहुण्याचं राहिलं. ते कळतं पत्रांतून नि आठवणींतून.

दुसरं उदाहरण जास्त बोचणारं आहे. १९१७ साली डॉ. आंबेडकर नोकरीसाठी बडोद्याला आले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. एका पारशी विश्रामगृहात ते पारशी नाव लावून राहिले. दिवसाला दीड रुपया देत होते. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या माणसांनी त्यांना बाहेर काढलं. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. त्या विश्रामगृहाची वही कुणी उघडली असती, तर तिथे आंबेडकर राहिल्याची खूणही दिसली नसती. आपल्या पणजोबांना निदान खरं नाव सांगून खोली मिळाली होती, हे शोधताना विसरू नये.

मग भाडेकरू सापडतो कुठे? जनगणनेत नाही. विलायतेत १९२१ च्या जनगणनेतली नावं आता लोक घरबसल्या बघतात. आपल्याकडे जनगणनेची पानं कायद्यानेच कुणाला दाखवत नाहीत, फक्त आकडे मिळतात. मतदारयाद्या मात्र घर क्रमांकानुसार असतात. त्यातही एक खोच आहे. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी सुमारे २८ लाख स्त्रियांची नावं गाळली गेली, कारण 'अमक्याची बायको', 'तमक्याची मुलगी' याखेरीज त्यांचं नाव यादीत आलंच नव्हतं. हे मुख्यतः उत्तरेकडे आणि मध्य भारतात घडलं, तेव्हा इंदूर-ग्वाल्हेरकडची आजी यादीत दिसली नाही तर ती तिथे नव्हतीच असं समजू नका.

बाकी सगळं घरातच असतं. शाळा सोडल्याचा दाखला, पेन्शनचे कागद, लग्नपत्रिकेच्या तळाशी छापलेला पत्ता. आणि सगळ्यात मोलाची, भाड्याची पावती. आम्हाला अशा दोन पावत्या पोथीच्या फडक्यात सापडल्या. एकीवर तारीख होती 'संवत १९८० पोष'. इथे तरुण मंडळींचा गोंधळ होतो. आपलं शालिवाहन शक गुढीपाडव्याला बदलतं, गुजराती विक्रम संवत दिवाळीच्या पाडव्याला. संवतातून कार्तिकापासून डिसेंबर संपेपर्यंत ५७ वजा करायचे, पुढे दिवाळीपर्यंत ५६. म्हणजे आमची पावती १९२४ च्या सुरुवातीची. कागद मराठी आणि जुना असेल तर शक असतो, त्यात ७८ मिळवायचे. जानेवारीपासून पाडव्यापर्यंत ७९.

लिपी मोडी असेल तर अंदाजाने वाचू नका. मोडीत आधी आडवी रेघ ओढतात आणि तिच्याखाली शब्द न तोडता अक्षरं लिहीत जातात, त्यामुळे नवख्याला नाव कुठे संपलं आणि गाव कुठे सुरू झालं हेच कळत नाही. जाणकाराला दाखवावं. पणजोबांच्या खात्याचा कागद हवा असेल तर राज्य अभिलेखागाराचं दक्षिण वर्तुळ कार्यालय बडोद्यातच आहे. तिथे जाताना निदान खात्याचं नाव आणि साल हाताशी असू द्या, नुसत्या आडनावावर काही निघत नाही.

पावतीवर वाड्याचं नाव नव्हतं. ते मिळालं एका पोस्टकार्डावर. साताऱ्याहून कुणी तरी आंब्यांची करंडी पाठवल्याचं कळवलं होतं, आणि पत्त्यात पणजोबांच्या नावाखाली सरदारांच्या वाड्याचं नाव होतं. प्रॉपर्टी कार्डावरचं पहिलं आडनाव तेच. आंबे पोचले की नाही, ते कळायला मार्ग नाही.

राहिलं होतं खोलीचं. आजोबांची धाकटी बहीण, आमची ताईआजी, अठ्ठ्याऐंशीची आहे. तिला कॅलेंडरचं जुनं पान दिलं, तर तिने पाठीमागे अख्ख्या वाड्याचा नकाशा काढला. चौक, विहीर, जिना, आणि प्रत्येक खोलीत बिऱ्हाड: 'पेटी वाजवणारे', 'रेडिओवाले', 'त्यांची म्हैस होती ते'. आपल्या खोल्या तिने वरच्या मजल्यावर उजवीकडे दाखवल्या. दोन खोल्यांत आठ माणसं.

मालकांची परवानगी घेऊन आम्ही आत गेलो. भाडी जुन्या कायद्यात गोठलेली, दुरुस्तीला पैसा कुणी घालायचा, त्यामुळे जिन्याच्या तीन पायऱ्या नाहीत. भिंतीला धरून वर गेलो. पुढची खोली टेपने मोजली: नऊ फूट बाय अकरा. दिवाळीनंतर पाडकाम सुरू होईल. सर्व्हे नंबरमुळे जागा पुढेही सापडेल, खोल्या सापडणार नाहीत. म्हणून चारही भिंतींचे, कोनाड्यांचे नि छताचे फोटो काढले.

ताईआजीला मोबाईलवर फोटो दाखवले. तिने चष्मा पुसला आणि विचारलं, "तुळईला पाळण्याच्या कड्या दिसतात का रे?"

छताचा फोटो मोठा करून पाहिला. दोन्ही आहेत.